सुरळीचा कागद आणि हाशमभाई

जळगावात फोटो छापणारे पुष्कळ आहेत आणि बहुतेक सगळे गोड बोलणारे आहेत. हाशमभाई तसे नाहीत. दुकानात पाय ठेवताच ज्यानं "लगेच मिळेल ना?" असं विचारलं, त्याचं काम होतं, पण त्याआधी त्याला चार गोष्टी ऐकून घ्याव्या लागतात. "लगेच पाहिजे तर मोबाईलमध्ये बघा, तिथं कागदच नाही," हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य.

आणि हा माणूस उगाच डोकं फिरवून घेत नाही. मोठ्या फोटोचा कागद सुरळीत येतो. कारखान्यातून निघाल्यापासून तो एका नळीभोवती आवळून बसलेला असतो आणि त्याला त्या बसण्याची सवय लागते. छापून बाहेर आला की पुन्हा वळायला बघतो. सुरळीच्या अगदी आतला, नळीला चिकटून असलेला कागद तर पापड भाजताना वळावा तसा वळतो. त्यात आपली खान्देशची हवा. बाहेर ओठ फुटतील असा कोरडा उन्हाळा आणि दुकानात कूलरचा ओला वारा. एका बाजूला शाई, दुसरी बाजू कोरी. दोन्ही बाजू सारख्या सुकत नाहीत आणि कागद वाकडा होऊन बसतो.

यावर हाशमभाईंचा एक ठरलेला रिवाज आहे. कूलरचं तोंड मशीनकडे करायचं नाही, गिऱ्हाईक घामानं निथळलं तरी चालेल. फोटो छापला की शाई पुरती वाळू द्यायची. मग वर बटर पेपर घालून तो उलट्या वळणानं एका जाड नळीवर सैल गुंडाळायचा, थोडा वेळ तसाच ठेवायचा, आणि मग सोडून दोन गुळगुळीत फळ्यांमध्ये रात्रभर निजवायचा. इस्त्री नाही, ऊन नाही, टाचण्या नाहीत. या जाड नळ्या कापडाच्या ताग्यांच्या. हाशमभाईंचे वडील कापडाच्या पेढीवर हमाली करायचे, तिथून रिकाम्या नळ्या घरी यायच्या, आणि त्या पेढीशी आजही त्यांचा तेवढाच व्यवहार आहे.

कामाची शिस्त मात्र धुळ्याची. तरुणपणी ते धुळ्याला मोतीलालशेठच्या स्टुडिओत होते. शेठजी धुवून वाळवलेले फोटो रोज एकेक करून काचेवर ठेवून बघत, आणि ज्याचा कोपरा उचललेला दिसला तो तिथल्या तिथे फाडत. गिऱ्हाईक समोर असलं तरी फाडत. बिघडलेलं काम आपल्या दुकानाचा शिक्का घेऊन बाहेर जाता कामा नये, हे त्यांचं म्हणणं. हाशमभाईंनी ते असं उचललं की त्यांची पोरगी अफिफा, जी आता दुकानातला कॉम्प्युटर सांभाळते, म्हणते, "अब्बा छापतात कमी आणि फाडतात जास्त."

यंदा उन्हाळ्यात मुक्ताईनगरच्या अलीकडच्या एका गावातून योगराज नावाचा तरुण आला. त्याची काकू सुनंदाबाई वारली होती. सुतक फिटण्याच्या, म्हणजे गंधमुक्तीच्या दिवशी मांडवात हार घालायला आणि मग कायमचा भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता. पाठीमागे काका उखर्डूआबा होते, पांढरं धोतर, डोक्याला टोपी. मूलबाळ नाही. बाईचा एकटीचा फोटो घरात कुठेच नव्हता. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यात ती डोक्यावर पदर घेऊन उभी असलेली सापडली, आणि अफिफानं त्या घोळक्यातून तिचा चेहरा असा वेगळा काढला की आबा पडद्याकडे बघतच राहिले.

"आबा, चांगला छापतो," हाशमभाई म्हणाले. "पण उद्या न्यायचा. मी फ्रेम करून देतो. मागे नुसता पुठ्ठा, दुसरं काही ठेवलं की फोटो फुगतो."

आबांनी मान हलवली. योगराजनं हलवली नाही, आणि तिथेच पाणी मुरत होतं. त्याच दुपारी हाशमभाई जुम्म्याच्या नमाजला गेले तेव्हा हा पठ्ठ्या पुन्हा दुकानात हजर. गाडी गावाकडे निघाली आहे, पुन्हा एवढ्या उन्हात येणं जमणार नाही, फ्रेमवाला गावातच आहे, अशी त्यानं अफिफाच्या कानाशी भुणभुण लावली. तिनं तरी किती वेळ ऐकायचं? फोटो जाड नळीवर उलटा गुंडाळून, बटर पेपर घालून, "उघडू नका, उद्यापर्यंत असाच राहू द्या," असं बजावून तिनं तो दिला. हाशमभाई परत आले आणि त्यांनी पोरीशी बोलणंच सोडलं.

गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी सकाळी योगराज परत आला. त्यानं गल्ल्यासमोर फोटो आपटला.

"चाचा, हा काय कागद दिला तुम्ही? एकदम हलका माल. बघा, माणसांत दाखवायच्या लायकीचा राहिला नाही."

हाशमभाईंनी फोटो उलगडला. सुनंदाबाईंचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत बारीक खड्ड्यांनी भरला होता. गालांवर पांढरे तंतू चिकटले होते, एका डोळ्यावरची शाई उचलली गेली होती. कोपरे तर वळलेलेच होते.

हलका माल. आयुष्यभर ज्या माणसानं कूलरसुद्धा कागदाकडे बघून लावला, त्याला हे कालचं पोरगं सांगत होतं, हलका माल. हाशमभाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रीतीप्रमाणे शांतपणे विचारायला हवं होतं, पण शांतपणा त्यांच्या दुकानात कधी नव्हताच.

"नळीतून काढला कोणी? उघडू नका म्हणून सांगितलं होतं ना? आणि हे खड्डे कशाचे? कशाखाली दाबला? ज्या कोणी हे केलं त्याला ना कागदाची कदर, ना त्या बाईची. मेलेल्या माणसाच्या तोंडाची ही दशा करता आणि वर मला माल शिकवता?"

आणि बोलता बोलता त्यांनी फोटो मधोमध फाडला. मग पुन्हा फाडला. मोतीलालशेठनं फाडला असता तसाच.

दाराशी उखर्डूआबा उभे होते. ते गाडीतून उतरून केव्हा आले कुणाला कळलं नव्हतं.

"म्या ठेवला, हाशमभाऊ," आबा म्हणाले. "योगराज आमंत्रणं द्याले जायेल होता. मले राहवलं नाही, तिले पाहाले म्हनून म्या उघडला. तर तो वळे. सरळ राहेच ना. मंग घरात कापूस पडेल हाये, त्याच्याखाली ठेवला."

"कापसाखाली?" हाशमभाईंचा आवाज अजून चढलेलाच होता. "आबा, त्यात सरकी असते. अख्खा ढीग वर, खाली ताजी शाई. खड्डे नाही पडणार तर काय?"

"ते मले ठाव नव्हतं. यंदाचा कापूस तिनंच वेचेल हाये, बठ्ठा, येक बोंड सोडेल नाही. भाव नव्हता म्हनून इकला नाही. मले वाटलं, तिच्या हातचा कापूस हाये, तिले जपीन."

आबा वाकले आणि फरशीवरचे तुकडे गोळा करू लागले. हाशमभाईंनी वाकून आपल्या पायाजवळचा एक तुकडा त्यांच्या हाती दिला. राग तर होता, भरपूर होता, आणि आता तो टाकायचा कुणावर? त्यांना स्वतःच्या हातांचा संताप आला. योगराजचाही आला, कारण काकाचं नाव न घेता त्यानं कागदावर खापर फोडलं होतं. काकाला वाचवायचं म्हणून फोडलं असतं तरी हाशमभाईंनी माफ केलं असतं, पण पोराला फक्त फुकटात दुसरा फोटो हवा होता हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"आबा, तुम्ही घरी जा," ते शेवटी म्हणाले. "उद्या सकाळी मी स्वतः घेऊन येतो. याच्या हाती देत नाही."

सुरळी संपत आली होती. उरला होता तो नळीला चिकटलेला, सगळ्यात हट्टी कागद. नवी सुरळी उद्या दुपारशिवाय येणार नव्हती. हाशमभाईंनी कूलर बंदच केला. फोटो छापला, वाळू दिला, उलटा गुंडाळला, सोडून बघितला, कडा उठल्या. पुन्हा गुंडाळला, आणखी जाड नळीवर. त्या दिवशी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विनाकारण बोलणी बसली. दुकान बंद करायच्या वेळी त्यांनी फोटो फळ्यांमध्ये ठेवला आणि फळ्यांवर दुकानातल्या झाडून सगळ्या काचा रचल्या. अफिफा मदतीला आली तेव्हा ते तिच्याशी दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलले, "त्या कोपऱ्यावर अजून एक ठेव."

सकाळी फोटो फळीवर सपाट पडला होता. त्यांनी फ्रेम केली, चादरीत गुंडाळून मांडीवर घेतली, आणि गावाकडे निघालेली गाडी नशिराबादच्या पुढे खड्ड्यातून गेली की ड्रायव्हरला दर वेळी सुनावलं.

गावात मांडव भरला होता. हाशमभाई मांडवात थांबले नाहीत, सरळ घरात गेले. आतल्या खोलीत कापूस छताला टेकला होता. आबा तिथेच उंबऱ्याशी बसले होते. हाशमभाईंनी चादर सोडली. आबांनी फोटो बघितला, फ्रेमच्या कडेवरून बोट फिरवलं.

"सरळ झाला," ते म्हणाले. मग म्हणाले, "चांगला झाला." आणि ते उगीचच कापसाकडे बघू लागले.

हाशमभाई खाली बसले. त्यांनी फ्रेम पालथी घातली, खिशातून पकड काढली आणि मागचे खिळे उपटायला लागले. तेवढ्यात योगराज आत आला.

"चाचा, हे काय करता? लोक थांबलेत."

"मागच्या पुठ्ठ्यात कापूस घालतोय. तिच्या हातचा."

"पण मागं काही ठेवलं की फोटो फुगतो म्हणता ना तुम्ही?"

"फुगतो," हाशमभाई गुरकावले. "फुगेल तेव्हा मी येईन आणि सरळ करीन. जिवंत आहे तोवर येईन. तू हात लावायचा नाहीस. आबा, मूठभर द्या."

आबांनी ढिगातून मूठभर कापूस काढला, पण दिला नाही. तो मांडीवर ठेवला आणि त्यातली सरकी काढायला लागले. एक काढायचे, बाजूला ठेवायचे, मग अंगठ्यानं कापूस चाचपून बघायचे. बाहेरून कुणीतरी हाक मारली, मग दुसऱ्यानं मारली. हाशमभाई उठले, त्यांनी योगराजच्या दंडाला धरून त्याला बाहेर काढलं, आणि दार बाहेरून लोटून घेऊन स्वतः दाराला पाठ लावून उभे राहिले. आत आबा पुन्हा कापूस चाचपत होते, एखादी सरकी राहून जाऊन तिच्या तोंडाला टोचू नये म्हणून.