“जरा मोठ्यानं म्हना”

निलगिरीच्या तेलाचा वास आला की मला साताऱ्यातली एक सकाळ आठवते. लढाईची वर्षं होती. मी मिशनच्या शाळेत नवी शिक्षिका होते आणि रविवारी लहान मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगायचे. त्या रविवारी याइराच्या मुलीची गोष्ट सांगितली: ती मेली होती, येशूनं तिचा हात धरून ‘मुली, ऊठ’ म्हटलं आणि ती उठली. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच वर्गातली एक सात वर्षांची मुलगी धापा टाकत माझ्या दारात आली. “बाई, बिगी बिगी चला. आमचं बाळ उठंना झालंय.” तिचे वडील फौजेत, ब्रह्मदेशाकडे होते. घरात तेलाचा उग्र वास कोंडला होता. बाळाला मांडीवर घेऊन आई भिंतीला टेकून बसली होती. त्याची छाती चोळून चोळून तिचे हात थकले होते. मुलीनं माझा हात ओढून बाळाच्या हातावर ठेवला. तो गार होता. “ऊठ म्हना की, बाई.” माझ्या तोंडून कसंबसं “बाळा, ऊठ” निघालं. ती त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिली. “जरा मोठ्यानं म्हना. त्याला ऐकू आलं न्हाई.” तेव्हा आई म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, बाई. तुमी तरी काय करनार?” पुढच्या रविवारी मुलगी वर्गात आली, पण अगदी मागं जाऊन बसली. त्यानंतर मी तीस वर्षं शिकवलं. प्रभूवरचा माझा विश्वास गेला नाही. तिचा गेला का, हे विचारायचं धाडस मात्र मला कधीच झालं नाही.