लाल नकाशातलं रान

आमच्या बचत गटाला सरकारी योजनेतून फवारणीचा ड्रोन मिळाला, तेव्हा तो चालवायचं शिकायला माझी थोरली जाऊ गेली. पाठीवर पंप घेऊन फवारण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. औषधाच्या वासानं रात्री तिला घास उतरायचा नाही. पुण्याहून परवाना घेऊन आली आणि चुलीपाशी बसून किती वेळ बोलत राहिली. एरवी ती फार कमी बोलणारी.

आमचं गाव भिंगारच्या पलीकडे, लष्कराच्या हद्दीला लागून. कांद्यावर करपा पडला होता, म्हणून पहिली फवारणी आमच्याच रानात ठरली. बाया बांधावर जमल्या, नारळ फुटला. जावेनं मोबाईलवर उड्डाणाची परवानगी मागितली, तर नकाशात आमचं सगळं शिवार लाल. लष्कराजवळ उडवायला बंदी, आणि परवानगी नसेल तर पंखेच फिरू नयेत असं ते यंत्र नियमाप्रमाणे बनवलेलं. ती पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिली. बाया एकेक करून निघून गेल्या.

आम्ही दोघी कृषी कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. योजना त्यांच्या खात्याची, आकाश दुसऱ्या खात्याचं, असं म्हणाले. हिरव्या भागातल्या गावांत जाऊन फवारा, असंही सुचवलं.

जाऊ शांतपणे म्हणाली, "साहेब, आमचं रान कुठं हाय ते तुमाला आदी ठावं न्हवतं का?"

साहेबांनी शिपायाला हाक मारून चहाचे कप उचलायला सांगितले.

टेम्पो करून आम्ही श्रीगोंद्याकडेही गेलो, उसाच्या भागात. तिथल्या गटाकडे त्यांचा ड्रोन होता. आम्हाला कोण बोलावणार? मग पडून पडून बॅटऱ्या फुगल्या. कंपनीकडून कळलं, मानकं बदलली, जुन्या यंत्राच्या बॅटऱ्या आता येत नाहीत. नवा मागावा तर एका गटाला एकदाच मिळतो.

जावेनं पुन्हा पंप पाठीला लावला. डॉक्टरांनी तिला औषधाजवळ जाऊ नको म्हणून बजावलंय. मी म्हटलं, मी फवारते. तिनं मान हलवली. म्हणाली, "एकीचं वाटोळं झालंय तेवढं बास. तू कशाला?"

यंदाही करपा आलाय. मी बांधावरून पाणी आणून देते, आणि ती सरीतून पुढे जाते.