हुकमाची चिठ्ठी

"खाकरण्यावर नियम नाही." लातूरच्या मंगल कार्यालयात पंचांच्या तोंडून ऐकलेलं हे वाक्य आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

मेंढीकोटाच्या स्पर्धेला मी नांदेडहून निघालो होतो, वाटेत लोह्याहून दाजींना घेऊन. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, आणि पत्त्यातले माझे कायमचे जोडीदार. हा खेळ मला त्यांनीच शिकवला. पहिल्याच डावाला दम भरला होता, "पाव्हणं, खुणा करून जिकायचं आसल तर माझ्यासमोर बसू नका." त्यानंतर आम्ही कधी एकमेकांना डोळासुद्धा मिचकावला नाही.

गेल्या वर्षी दाजींना लकव्याचा झटका आला. हातपाय सुधारले, बोलणं सुधारलं, पत्त्यांची नजर तर जशीच्या तशी. फक्त हुकूम कुठला, हे डावाच्या मध्येच विसरायला लागले. मग ताईनं चार चिठ्ठ्या केल्या. एकीवर बदाम, एकीवर इस्पिक, चौकट, किलवर. हुकूम ठरला की त्याची चिठ्ठी समोर ठेवायची, बस. चौघांना माहीत असलेली गोष्ट, त्यात लपवायचं काय?

पण पंचांनी चिठ्ठ्या बघितल्या आणि मान हलवली. "घरून तयार करून आणलेला कागद डाव चालू असताना चालणार नाही. दोन डावांच्या मध्ये हवा तेवढा बघा."

"अहो, हुकूम ठरतो डावात. मध्ये बघून काय करायचं?"

"नियम म्हणजे नियम."

दाजींनी माझी बाही ओढली. "ऱ्हाऊ द्या पाव्हणं. ध्यानात ठिवतो मी."

समोरची जोडी चाकूरकडची होती. त्यातला एक बदाम मागायचा असला की खाकरायचा आणि इस्पिक मागायचा असला की कान खाजवायचा. दुसरा किलवर हवा असला की सुपारीची डबी उघडायचा. आंधळ्यालाही कळलं असतं. मी तक्रार केली, तेव्हा पंच शांतपणे ते वाक्य बोलले. वर म्हणाले, घसा आहे माणसाचा. सगळं कार्यालय हसलं. ज्याच्या त्याच्या घशात खुणा भरलेल्या, हसतील नाहीतर काय.

तरीही आम्ही शेवटच्या डावापर्यंत बरोबरीत होतो. दोन मेंढ्या, म्हणजे दश्श्या, आमच्याकडे, एक त्यांच्याकडे; पण हात त्यांचे जास्त झाले होते. चौथी ज्या हातात पडेल, त्यावर सगळं. हुकूम चौकट होता. खाकरणाऱ्यानं किलवरचा एक्का टाकला, मी छोटं पान दिलं, त्याच्या जोडीदारानं त्यावर किलवरची मेंढी बिनघोर सोडली. दाजींकडे किलवर नव्हता. चौकटची कसलीही दुर्री टाकली असती तरी मेंढी आमची होती, आणि त्यांच्या हातात चौकट होती.

दाजींनी बदामाचा राजा काढला आणि टेबलावर आपटला. "कापलं! उचला पाव्हणं!"

बदाम आधीच्या डावाचा हुकूम होता.

दाजी हात पुढे करून पानं गोळा करायला लागले, तेव्हा खाकरणाऱ्यानं त्यांचा हात हळूच बाजूला केला. मग दाजींनी स्वतःच्या हातातली चौकट बघितली, आणि त्यांना कळलं. माझ्या खिशात चार चिठ्ठ्या होत्या आणि मी दात आवळून बसलो होतो.

परतीच्या बसमध्ये अहमदपूर मागे पडेपर्यंत मी पंचांना मनातल्या मनात शिव्या घालत होतो. मग दाजी माझ्याकडे न बघता म्हणाले,

"पाव्हणं, येक डाव खाकरला आसता तर काय बिघडलं आसतं?"

हरल्याचं दुःख लातूरलाच संपलं होतं. उभ्या जन्मात ज्यांनी खूण केली नाही की घेतली नाही, त्या माझ्या दाजींवर खूण मागायची पाळी आणली होती त्या नियमानं.