हालगे सरांची कडबाकुट्टी

आवळे किसायचे, फडक्यातून पिळायचे, रसात चिमूटभर सैंधव घालून पेला यजमानांच्या हाती द्यायचा आणि सकाळची एस.टी. धरून दोघांनी निलंग्याहून लातूरला इंजेक्शनसाठी जायचं. रस ताकदीसाठी. त्यांना रक्ताचा कर्करोग होता. पुढे इंजेक्शन लागू पडेनासं झालं आणि ते गेले.

नंतर वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचलं, की क जीवनसत्त्वानं त्या औषधाचा जोर अडतो. म्हणजे माझ्याच हातून झालं का? तिथं रोज पेपर वाचायला येणाऱ्या, जीवरसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या हालगे सरांना मी हेच विचारलं. तीच आमची पहिली ओळख.

"ताई, हे आज सांगता येणार न्हाई. वाचून सांगतो," सर म्हणाले.

जन्मभर शिकवलेल्या माणसानं सातवी शिकलेल्या बाईला असं म्हणावं, याचं मला नवल वाटलं.

आठ दिवसांनी सर छापील कागद घेऊन आमच्या ओट्यावर बसले. "पेशीत खराब झालेल्या प्रथिनाला युबिक्विटिन नावाच्या बारक्या प्रथिनाची खूण लागते. एक न्हाई, माळच. ती बघून प्रोटिअसोम नावाचं पेशीतलं यंत्र त्याला आत ओढतं, तुकडे करतं. गुरांचा चारा तोडायची कडबाकुट्टीच म्हणा."

"मग बोटं जपाय पाहिजेत," मी म्हणाले.

"म्हणून तर खूण बघितल्याबिगर तोंड उघडत न्हाई." सर हसले. "खुणा तेवढ्या सोडवून पुन्हा वापरते, तुकड्यांतून नवं प्रथिन होतं. तुमच्या इंजेक्शनानं कर्करोगाच्या पेशीतली ही कुट्टी अडते. कचरा साचून पेशी मरते."

"आणि आवळा?"

"जास्त मात्रेत क जीवनसत्त्व त्या औषधाला धरून ठेवतं, असं प्रयोगात दिसलंय. पेलाभर रसानं तुमच्या घरी काय झालं, ते कुणालाच सांगता येणार न्हाई. औषध नीट चालू असूनबी हा रोग लई जणांत उलटतो. नुसतं 'न्हाई' म्हणून तुमची समजूत काढली असती, पण तुम्ही वाचणाऱ्या बाई."

सरांच्या संशोधनावर त्यांचे विद्यार्थी या गौरव अंकात लिहितीलच. मला त्यांनी खरं सांगितलं, आणि ते ऐकण्याजोगी मला मानलं. दुःख आहे तेवढंच आहे, पण आता मी स्वतःला रोज आरोपी करत नाही.

सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांची नजर शाबूत राहो, गुडघे साथ देवोत, आणि ओट्याओट्यावर बसून असंच सांगायला त्यांना पुष्कळ वर्षं लाभोत.

सर ओट्यावर येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अहमदपूरला गेले. लातूरच्या दवाखान्यात आमच्या शेजारच्या खाटेवर असलेले गृहस्थ तिथले; त्यांना तेच इंजेक्शन अजून चालू होतं. त्यांच्या पत्नीजवळ बसून, घरात त्यांना काय काय देतात ते सगळं मी एका कागदावर लिहिलं आणि त्यांना म्हणाले, "हे डॉक्टरांना दाखवा."