खंडेनवमीचं अपडेट

शिवडीच्या गोदीतल्या नोकरीतून निवृत्त झाला आणि आग्नेलो आमच्या लालबागच्या वाचनालयातल्या नऊ जुन्या कॉम्प्युटरांच्या मागे लागला. भंगारात निघालेली ती यंत्रं त्याने फुकटच्या लिनक्स प्रणालीवर चालती केली. दर शनिवारी काळ्या पडद्यावर दोन ओळी टाइप करायचा, प्रोग्रॅमची नवी पॅकेजं उतरवायचा आणि शेवटची ओळ येईपर्यंत मान डोलवत बसायचा. सगळं सुरळीत असलं की त्याचं नाव कोणी काढत नसे. मी ग्रंथपाल, पण मीही नाही.

समितीला एका कंपनीची विकतची प्रणाली हवी होती. "आणखी एकदा बंद पडलं, की तुझं लिनक्स बंद," असं अध्यक्ष तात्यांनी त्याला बजावलं होतं. बायको, विल्मा, गेल्यापासून आग्नेलोचा जीव तेवढ्याच कामात होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मोठं अपडेट आलं तेव्हा वाचकांचा खोळंबा नको म्हणून त्याने सुट्टीचा दिवस धरला, खंडेनवमीचा. मुख्य मशीनवर काम लावलं, 'चालू आहे, बंद करू नका' अशी चिठ्ठी चिकटवली आणि जेवायला गेला. जन्म मुंबईत गेलेला माणूस, पण त्या दिवशी आम्ही यंत्रं बंद ठेवून पूजतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

तात्या पूजेचं ताट घेऊन आले. "पद्मजा, आज यंत्रालाही विश्रांती. बंद कर ते."

चिठ्ठी मी वाचली होती. पण तात्यांपुढे तोंड उघडायची मला सवय नाही. बटण दाबलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला.

मशीन पुन्हा उठलंच नाही. अर्धं जुनं, अर्धं नवं, धड काहीच नाही. "पुस्तकांच्या नोंदी शाबूत आहेत, तात्या. आठवडा द्या, उभं करतो," आग्नेलो अक्षरशः हात जोडून म्हणाला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. समितीने आठवडा दिला नाही.

दसऱ्यानंतरच्या बैठकीत तात्या म्हणाले, "पूजा तर मी मनापासून केली होती. मग बंद कसं पडलं रे?"

आग्नेलोने माझ्याकडे पाहिलं. बटण कोणी दाबलं ते त्याला कळलं होतं.

"माझीच चूक झाली," तो म्हणाला.

मी वही पुढे ओढली. माझी मलाच किळस आली. मग ते वाक्य मी इतिवृत्तात स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि खाली त्याची सही घेतली.