ऊसतोडीच्या गेमसाठी ग्राफिक्स कार्ड

कार्ड कॅबिनेटात बसत नव्हतं. मी ते स्लॉटवर धरून पाहिलं, टेकवून पाहिलं, आणि शेवटी परत खोक्यात ठेवून दिलं. कार्ड उंच आणि कॅबिनेट बुटकं. काउंटरच्या पलीकडे भागवत आणि कांता हे नवराबायको उभे होते, ऑपरेशन चालू असताना दाराबाहेर नातेवाईक उभे राहतात तसे.

"न्हाई बसत का, ताई?" भागवतनं विचारलं.

हे नाही बसत, दुसरं बघू, असं मी म्हटलं. दुसरं कुठून आणायचं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, पण गिऱ्हाइकासमोर तसा चेहरा करायचा नसतो.

पाथर्डीत माझं कॉम्प्युटर विक्री आणि दुरुस्तीचं दुकान आहे. ग्राफिक्स कार्ड मागायला येतात ती कॉलेजची पोरं. त्यांना बंदुका चालवायच्या असतात, आणि बंदूक नीट चालली नाही की खापर माझ्यावर फुटतं. ही दोघं मात्र चाळिशीला टेकलेली. डेस्कटॉप गोधडीत गुंडाळून, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून आणलेला. गेम चालत नाही म्हणाले. मी नेहमीच्या घाईत सांगितलं, की पोराला पाठवा, कोणता गेम आहे ते त्यालाच विचारते.

"पोराचा न्हाई," कांता म्हणाली. "आमचाच हाय. ऊस तोडायचा."

आधी मला वाटलं ही बाई माझी फिरकी घेते आहे. मशीन चालू केलं तर खरंच शेतीचा गेम निघाला. त्यात ट्रॅक्टर होते, नांगर होते आणि ऊस तोडायचं हार्वेस्टरही होतं. मग दोघांनी मिळून सगळं सांगितलं. लग्न झाल्यापासून दरवर्षी दिवाळी झाली की ते श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला जात. आमच्या भागात तोडणाऱ्या जोडीलाच कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. भागवत तोडायचा, कांता मोळ्या बांधायची, आणि मग दोघं त्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. गेल्या हंगामात कांताची पाठ गेली. वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि उचलायचं नाही तर खायचं काय, याची गोळी डॉक्टरांकडे नव्हती.

श्रीगोंद्याच्या एका बागाईतदारानं हार्वेस्टर घेतलं होतं. त्याला दुसरा ऑपरेटर हवा होता. कारखान्याचं गाळप सुरू होण्याआधी ट्रायल होणार आणि जो पास होईल त्याला हंगामभर पगारी काम मिळणार. भागवत ट्रॅक्टर चालवायचा, पण हार्वेस्टर कुणी हातात देईना. हार्वेस्टर कंपनीच्या ट्रेनरनं मागे त्याला कधीतरी सांगितलं होतं, की बाहेरच्या देशांत ऑपरेटर आधी सिम्युलेटरवर शिकतात, म्हणजे खऱ्या मशीनसारख्या खोट्या मशीनवर. या दोघांनी ते वाक्य मनात धरलं आणि एका बंद पडलेल्या क्लासचा जुना डेस्कटॉप घेऊन आले.

आता अडचण काय होती ते सांगते. स्वस्त डेस्कटॉपमध्ये चित्र काढायला वेगळा कारागीर नसतो. हिशेब करणारा प्रोसेसरच सवड काढून चित्रंही काढतो. टायपिंगला तेवढं पुरतं. गेममध्ये चित्र दर क्षणाला बदलतं, तिथे त्याची दमछाक होते. यांच्या स्क्रीनवर ऊस म्हणजे नुसता हिरवा पट्टा दिसत होता. सरळ जाईपर्यंत ठीक चालायचं, पण सरी संपली आणि मशीन वळवायची वेळ आली की चित्र थिजायचं. पुन्हा हलायचं तेव्हा हार्वेस्टर बांध ओलांडून शेजारच्याच्या रानात पोचलेलं असायचं. वळणच शिकता येत नव्हतं, आणि ट्रायलमध्ये बघणार होते ते वळणच.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे फक्त चित्र काढायला ठेवलेला वेगळा माणूस. तो ठेवायचा तर त्याला जागा लागते आणि जेवण लागतं. यांचं कॅबिनेट ऑफिसातलं, सडपातळ. आणि जेवण देणारा डबा, म्हणजे वीज पुरवणारा एसएमपीएस, इतका लहान की त्यातून कार्डासाठी वेगळी वायरच निघत नव्हती. दुसरं गिऱ्हाईक असतं तर मी कॅबिनेट आणि एसएमपीएस दोन्ही बदला म्हणून सांगितलं असतं. यांना ते सांगायला जीभ रेटेना.

अर्ध्या उंचीची कार्डं मिळतात. ती वेगळी वायर मागत नाहीत, स्लॉटमधून मिळेल तेवढ्या करंटवर चालतात. पोरं त्यांना नाकं मुरडतात. मी नगरच्या होलसेलवाल्याला फोन केला, त्याच्याकडे एक धूळ खात पडलं होतं. ते दुसऱ्या दिवशी जीपवाल्याच्या हातून आलं. त्याची उंच पत्र्याची पट्टी काढून लहान पट्टी लावली, आणि ते स्लॉटमध्ये खटकन बसलं. तरी गेम मध्येच अडखळत होता, कारण रॅमची एकच पट्टी होती. जोडीला दुसरी टाकली. आतली धूळ ब्लोअरनं उडवली. मग पुन्हा गेम चालू केला.

ऊस दिसत होता. पट्टा नाही, ऊस. पातं वेगळं, पेरं वेगळं, वाऱ्यानं डुलणारा शेंडा वेगळा. कांता स्क्रीनजवळ गेली आणि बुडख्याला बोट लावून बघितलं.

"बसा, चालवून बघा," मी भागवतला म्हटलं आणि खुर्ची पुढे केली. त्यानं आणखी एक खुर्ची मागितली. कांता त्याच्या उजव्या हाताला बसली आणि दोघांनी एकाच कीबोर्डवर हात ठेवले. डावीकडची बटणं त्याची, स्टिअरिंग आणि वेग. उजवीकडची तिची. तोडणारा कटर खालीवर करणं आणि तुकडे ट्रॉलीत टाकणारी लांब सोंड फिरवणं तिच्याकडे. मला हसू आलं होतं, ते पाच मिनिटांत विरलं. दोघं एकमेकांशी अक्षरही बोलत नव्हती. सरी संपत आली की त्याचं बोट सैल व्हायचं आणि त्याच क्षणी तिचं बोट दाबलं जायचं. कटर वर, मशीन वळलं, कटर खाली. मी पंचवीस वर्षं लोकांची बोटं कीबोर्डवर बघते आहे. असं कधी बघितलं नव्हतं. दुकानात चार्जर घ्यायला आलेला माणूस चार्जर विसरून उभा होता.

मी चहा मागवला. तो पिऊन होईस्तोवर स्क्रीनवरचा फडाचा एक कोपरा मोकळा झाला. कांतानं कप खाली ठेवला, त्या मोकळ्या जागेकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "आपला दिस झाला."

म्हणजे उन्हातान्हात दोघांनी मिळून दिवसभर जेवढं तोडलं असतं, तेवढं तोडून झालं होतं. त्या यंत्राचं कौतुक वाटावं की भीती, मला कळेना. भागवतनं मशीन पुढच्या सरीला लावलं.

कार्ड टाकल्यावर ट्रायल पास होणार अशी माझी खात्रीच झाली होती. ट्रायलच्या दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात आली, तेव्हा कॉम्प्युटर बरोबर नव्हता. भागवतचा चेहराच सगळं सांगत होता.

"हात मोकळाच ऱ्हायला, ताई," तो म्हणाला.

मला कळलं नाही. मग त्यानं सांगितलं. मशीनवर चढला, सरी धरली, एकदम सरळ नेली. ट्रेनर मान डोलवत होता. सरी संपली. आता कटर उचलायचा.

"मी म्हनलं, कांता, वर घे. ती तिकडं बांधावर उभी. मशीन बांधात घुसलं."

कांता खाली बघत होती. आम्ही तिघं जाणती माणसं, पण एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की हार्वेस्टरच्या केबिनमध्ये खुर्ची एकच असते. सगळा जन्म दोघांनी मिळून एक काम केलं होतं. मग नवं काम शिकतानाही त्यांनी ते न बोलता दोघांत वाटून घेतलं. त्याच्याकडे अर्धं मशीन होतं आणि हिच्याकडे उरलेलं अर्धं.

पुढचं कांतानं सांगितलं. मालक चिडला होता, पण ट्रेनरला त्या "कांता, वर घे"चा उलगडा हवा होता. तिनं त्याला गेमचं सांगितलं. तो आधी हसला, मग विचारात पडला. मालकाला म्हणाला, कारखान्याचा बॉयलर पेटायला अजून वेळ आहे, यांना पुन्हा एकदा बघू. दोघांतलं कुणीही एक चालेल, पण पुरतं मशीन एकट्यानं चालवता आलं पाहिजे. मालक कसाबसा तयार झाला.

"म्हून आलोय," भागवत म्हणाला. "दोघांला वायलं वायलं शिकता येईल असं काय करता येतं का त्याच्यात?"

मी म्हटलं, त्यात काही करायला नको. घरातली एक खुर्ची उचला. एक जण बसेल तेव्हा दुसऱ्यानं खोलीत थांबायचंसुद्धा नाही, लांबून सांगायचं नाही, खोकायचं नाही. माझ्या धंद्यातला सगळ्यात स्वस्त अपग्रेड तो. त्याचे पैसे घेतले नाहीत.

मधे एकदा भागवतचा फोन आला. म्हणाला, मी अजून चुकतोय, हिला मात्र जमायला लागलंय. त्याच्या आवाजात हसू होतं आणि थोडी खोचही होती, ती लपवायचा त्यानं प्रयत्न केला नाही. मी कारण विचारलं. तो म्हणाला, स्टिअरिंग धरायचो तेव्हा माझी नजर लांब पुढं असायची. कटर हिच्याकडं, त्यामुळं ही सारखी बुडख्याकडं बघायची. तिला सरी पाठ झालीय. मग जरा थांबून म्हणाला, "तिलाच बसवावं म्हन्तोय."

बाई हार्वेस्टरवर बसणार म्हटल्यावर मालकानं काय काय ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. पण मशीन उभं होतं, ट्रेनर आलेला होता, आणि भागवत बाजूला होऊन म्हणाला होता की ट्रायल माझी नाही, हिची आहे. कांता चढली. पहिली सरी वाकडी गेली, दुसरी सरळ. वळणावर कटर वेळेवर उचलला. ट्रेनरनं तिला आणखी चार सऱ्या चालवू दिल्या आणि मग मालकाकडे न बघताच ठीक आहे म्हणून हात केला.

हंगाम सुरू झाल्यावर मी श्रीगोंद्याला एका ऑफिसचं नेटवर्क लावायला गेले होते. काम आटोपल्यावर भागवतला फोन करून फडावर गेले. खरं हार्वेस्टर मी पहिल्यांदाच बघत होते. स्क्रीनवर ते हाताएवढं दिसतं. प्रत्यक्षात चाकाशेजारी उभी राहिले तर मी लहान वाटत होते. त्याच्यासमोर डोक्याहून उंच उसाची भिंत थरथरायची, आत ओढली जायची, आणि पाठीमागून पाचट उडत असताना सोंडेतून तुकड्यांची धार ट्रॉलीत पडायची. जमीन पायाखाली हलत होती. वर काचेच्या आत डोक्याला रुमाल बांधलेली कांता बसली होती. तिनं मला पाहिलं नाही. ती सरी बघत होती. ट्रॉलीच्या ट्रॅक्टरवर भागवत होता. तेही काम त्याला मालकानंच दिलं होतं. दोन यंत्रं एका चालीनं, एका अंतरानं चालली होती, आणि कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. धुळीनं घसा बसला तेव्हा ते बंद केलं.

ट्रॉली भरली तेव्हा कांता खाली उतरली. शेजारच्या रानात कोयत्यांची टोळी तोडत होती, त्यात तिच्या गावच्या दोन जोड्या होत्या. ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, की गेल्या साली आम्ही दोघांनी सगळ्या हंगामात जेवढं तोडलं, तेवढं मी दोन-तीन दिवसांत तोडलं. त्यांच्या डोळ्याला डोळा देववत नाही. मी तिला पाठीचं विचारलं.

"पैल्या दिशी काम करून आले, तर पाठ दुखंना," ती म्हणाली. "ताई, मला रातभर झोपच आली न्हाई. असं बिनदुखण्याचं निजायचं कसं, ते इसरले हुते मी."

तेवढ्यात रिकामी ट्रॉली आली आणि ती वर चढून गेली.

आता गेमिंगसाठी कार्ड मागायला कुणी आलं, की मी कॅबिनेटची उंची बघते, एसएमपीएसची वायर बघते आणि मग विचारते, चालवणार कोण. पोरांना वाटतं म्हातारीला उगीच चौकशा. वाटू दे. उत्तर मिळाल्याशिवाय मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही.