मोर काढ

सत्तरचं दशक सरत आलं होतं. सोलापुरातल्या एका कापडगिरणीत संगणक आला आणि त्याच्या खोलीत आम्ही दोघी काम करू लागलो: मी आणि विणकरांच्या घरातली, तेलुगू बोलणारी माझी मैत्रीण. बाहेर डांबर वितळायचं. आत गारवा असायचा, यंत्राची संथ घरघर असायची आणि कुठूनसं शिरलेलं कापसाचं तूस तरंगत राहायचं. त्या खोलीत दुपार पुढे सरकतच नाही असं वाटे.

चादरींची नक्षी आखणाऱ्या वयस्क मास्तरांना इंग्रजी अक्षरं वाचता यायची, पण भाषा समजत नसे. त्यांना यंत्राला थेट हुकूम देता यावा म्हणून आम्ही एक छोटीशी भाषा रचत होतो. हुकूम मराठी, लिपी रोमन, शब्द फार तर सहा अक्षरांचे. नक्ष्या यंत्राच्या चुंबकी टेपवर साठवलेल्या असत; नको असलेली नक्षी तिच्यावरून पुसायला आम्ही शब्द ठेवला ‘काढ’. सुटसुटीत वाटला.

पहिल्या चाचणीला मास्तरांनी कागदावर लिहिलं, ‘काढ मोर’. मैत्रिणीनं कार्डाला भोकं पाडली, कार्ड यंत्रात गेलं. मास्तर छपाईयंत्रापाशी जाऊन उभे राहिले. कागद काही हलेना.

“ताई, मोर कुटं हाय?”

“काढला की, मास्तर,” मैत्रीण म्हणाली. “टेपवरनं पुसून टाकला.”

“अवो, पुसा कोण म्हणलं? काढ म्हणजे भाईर काढ! कपाटातनं चादर काढतो तसा.”

टेप चाचणीपुरती केलेली नक्कल होती, म्हणून मूळ मोर वाचला. मी मात्र त्या शब्दापाशीच अडले. चित्रही आपण काढतोच की! एकाच शब्दात आणणं, घालवणं आणि नव्यानं घडवणं. मैत्रीण हळूच म्हणाली, “आमच्या तेलुगूतही ‘तिय्यि’चं असंच आहे गं.” मास्तर घरी कन्नड बोलत. तेही हसले, “आमच्या ‘तेगी’ची तीच तऱ्हा!”

मग कितीतरी दुपारी आम्ही नुसते शब्द उच्चारत बसलो. शब्द ऐकल्याबरोबर हात काय करायला निघतो, ते एकमेकींना विचारायचो. डोळे मिटून मी ‘दाखव’ म्हणे आणि मिटल्या डोळ्यांपुढे कापड उलगडत जाई. ‘पूस’ म्हटलं की मैत्रिणीचा तळवा आपोआप टेबलावरून फिरे. ते दोन्ही शब्द राहिले. ‘काढ’ला आमच्या भाषेत जागाच ठेवली नाही.

मास्तरांना तेवढ्यानं समाधान नव्हतं. एक दिवस ते म्हणाले, “निम्मी नक्षी मी देतो. उरलेली तुमच्या यंत्रानं उलटी करून जोडावी. त्याला ‘आरसा’ म्हणा.”

“पण मास्तर, हे क्रियापद नाही,” मी म्हटलं.

“नसंना का. कळतंय न्हवं?”

कळत होतं. मैत्रिणीनं तेव्हाच नवं कार्ड ओढलं आणि आम्ही कामाला लागलो.